चटईत न मावणारं अंगण

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला तीन गोष्टी कधीच कमी पडत नाहीत. ऊन, खजूर आणि भारतातल्या फ्लॅटच्या जाहिराती. पहिल्या दोन गोष्टींची सवय होते. तिसरीची होत नाही, कारण तिच्यात आपली आयुष्यभराची शिल्लक अडकलेली असते.

कुवेतमध्ये दहा लाखांच्या आसपास भारतीय आहेत आणि जवळजवळ सगळे भाड्याच्या घरात. आपल्यासारख्या परदेशी नोकरदाराला इथे घर विकत घेता येत नाही. त्यामुळे सालमियात राहा, अब्बासियात राहा की फहाहीलला राहा, मनातलं घर पुणे, नाशिक नाहीतर नवी मुंबईतच असतं. हे आपल्या बिल्डर मंडळींना आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. म्हणून अधूनमधून एखाद्या मोठ्या हॉटेलात मालमत्ता प्रदर्शन भरतं. गुळगुळीत माहितीपुस्तिका, काचेच्या पेटीत ठेवलेलं इमारतीचं मॉडेल, त्यात हिरव्या स्पंजाची झाडं, आणि भिंतीवर हसणारं एक गोरं कुटुंब. (हे कुटुंब चिंचवडला नक्की कुठल्या कंपनीत कामाला लागणार आहे हे मला अजून कळलेलं नाही.) विमानतळ २० मिनिटांवर. हे अंतर बहुधा विमानानेच मोजत असावेत.

अशाच एका प्रदर्शनात मी एका तरुण विक्रेत्याला विचारलं, "बेडरूमची खिडकी कुठल्या दिशेला आहे?"

"सर, सगळं वास्तुप्रमाणे आहे."

"ते झालंच. पण मोठी काच पश्चिमेला दिसतेय. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता ऊन कुठपर्यंत येतं?"

"सर, एसीचे पॉइंट आहेत ना!"

मग मी विचारलं, आर्किटेक्ट कोण? बिचारा "एक मिनिट सर" म्हणून आत गेला आणि परत आला तो एक डायरी आणि पेन भेट घेऊन. नाव काही शेवटपर्यंत कळलं नाही.

आता माझा स्वभाव चिकित्सक आहे हे मान्य. पण त्याला माझा व्यवसाय जबाबदार आहे. भिंतीतून आणि छतातून उष्णता घरात कशी शिरते, या एका प्रश्नावर मी इंग्लंडात चार वर्षं घालवून पीएच्.डी. केली. इंग्लंडात उष्णता घरात शिरावी म्हणून लोक धडपडतात, त्यामुळे तिथे या विषयात फार मोठं भविष्य नव्हतं. कुवेतमध्ये आहे. याच देशात मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्यही केलं. आमच्या चाचणीची शेड आहे अम्गऱ्याला. तिथे छताचे निरनिराळे थर उन्हात मांडून ठेवायचे आणि त्यांच्याखालचं तापमान मोजत बसायचं. जुलैच्या दुपारी काळ्या पत्र्याचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर जातो. त्यावर पापड भाजता येईल, फक्त त्यासाठी तिथे उभं राहायला कोणी तयार नसतं.

अम्गरा हे नाव पर्यटनाच्या पुस्तकात सापडणार नाही. शहराच्या पश्चिमेला, जहराच्या बाजूला, गोदामांचा आणि भंगाराचा हा पट्टा. लाकडाच्या थप्प्या, सळ्यांचे गठ्ठे, आणि जुन्या घरांतून काढलेला माल. कुवेतमध्ये घर जुनं झालं की दुरुस्त करण्यापेक्षा पाडण्याकडेच कल जास्त. मग त्याची दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे असल्या ठिकाणी येऊन उभे राहतात. आमच्या शेडपासून थोड्या अंतरावर एका खानसाहेबांचं असं दुकान आहे. मूळचे पेशावरकडचे. मला जुन्या खिडक्यांचे नमुने लागतात म्हणून ओळख झाली.

एकदा त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक दार बघायला आलं होतं. खानसाहेबांनी दार सरळ केलं, मागची बाजू दाखवली, बिजागरी हलवून दाखवली. सांगितलं की लाकूड सागाचं आहे, जाडी अमुक आहे, एका जुन्या घराच्या अंगणाकडचं आहे, म्हणून त्याला थेट ऊन लागलेलं नाही. रस्त्याकडचं असतं तर खालची फळी फुटली असती. आणि ही एक चीर आहे, ती आताच बघून घ्या. सगळं मिळून पाच मिनिटं. दार विकलं गेलं.

मी मनात म्हटलं, भंगारातलं एक दार विकताना ते कुठल्या दिशेला होतं हे सांगणारा माणूस आहे, आणि तिकडे कोट्यवधींचं घर विकताना दिशा कोणी सांगत नाही!

हे सगळं एरवी मी गमतीवारी नेलं असतं. पण त्याच सुमारास बेलापूरहून मावशीचा फोन आला.

माझी मावशी आणि काका नवी मुंबईत सी.बी.डी. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहत. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. ते गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मावशी ७४ वर्षांची, गुडघे कुरकुरतात, आणि पुण्याला मुलीच्या शेजारच्या इमारतीत छोटा फ्लॅट घेऊन राहावं असं ठरलं. त्यासाठी बेलापूरचं घर विकायचं. एजंटने एक जाहिरात केली होती. मावशीने ती मला पाठवली आणि म्हणाली, "अरे, तू घरांचा डॉक्टर ना? मग हे वाच आणि सांग, हे माझंच घर आहे का?"

जाहिरात अशी होती: "बेलापूर सेक्टर ८. रो-हाऊस. जुने बांधकाम. प्लॉटची किंमत मोजा. पाडून जी प्लस टू होऊ शकेल. गाडी दारापर्यंत जात नाही." सोबत चार फोटो. एक न्हाणीघराचा. एक कपाटाचा, त्यावर ट्यूबलाइटचा प्रकाश चकाकतोय. एक जिन्याखालच्या गॅस सिलिंडरचा. चौथ्यात बंद दार. सगळे रात्री काढलेले. अंगणाचा एकही नाही.

हे घर काय आहे ते सांगितल्याशिवाय मावशीचा राग कळणार नाही. आर्टिस्ट व्हिलेज ही चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आखलेली वसाहत, १९८३ ते १९८६ च्या काळातली. कोरिया हे आपल्याकडचे जगभर नावाजलेले वास्तुरचनाकार. २०१५ साली गेले. नवी मुंबई वसवावी ही कल्पनाच मुळात त्यांनी, प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली होती. मुंबईत पेडर रोडच्या बाजूला त्यांचं 'कांचनजंगा' उभं आहे, कोपऱ्याकोपऱ्यात दुमजली उंचीच्या बागा असलेलं. तिथे श्रीमंतांसाठी जो प्रश्न सोडवला, वारा घरात यावा पण ऊन-पाऊस दारात थांबावा हा, तोच बेलापूरला त्यांनी सामान्य उत्पन्नाच्या लोकांसाठी जमिनीवर सोडवला.

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, मधून एक ओढा जातो, आणि त्याच्या आजूबाजूला सुमारे ५५० कुटुंबांची घरं. सात-सात घरांचा एक गट, मध्ये आठ बाय आठ मीटरचं सामायिक अंगण. अशा तीन गटांचं मिळून आणखी मोठं अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि त्यातल्या त्यात बऱ्या माणसाच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. आणि मुख्य म्हणजे एकाही घराची भिंत शेजारच्या घराशी सामायिक नाही. असं केलं ते प्रत्येक कुटुंबाला पुढे आपापल्या ऐपतीप्रमाणे खोली वाढवता यावी म्हणून. साधा गवंडी बांधू शकेल अशी रचना, उतरती छपरं, आणि प्रत्येक घराला आकाशाखालची आपली स्वतःची मोकळी जागा. कोरिया हयातभर सांगत आले की आपल्या हवेत ही मोकळी जागा म्हणजे एक खोलीच आहे. सकाळी आणि संध्याकाळी तिच्यातच माणूस राहतो.

म्हणजे जाहिरातीतलं 'रो-हाऊस' हा पहिला शब्दच चुकीचा. आणि 'गाडी दारापर्यंत जात नाही' हे वैगुण्य म्हणून लिहिलंय, ते तर मुळात योजलेलं! गाडी येत नाही म्हणून तर माझी मावसबहीण आणि तिच्या मैत्रिणी त्या अंगणात लंगडी खेळून मोठ्या झाल्या.

पण एजंटला शिव्या देऊन भागत नाही. तो कशावरून चालतो ते बघायला हवं. माझ्या मते इथे तीन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे मापं. आपल्याकडे घर चौरस फुटांवर विकतात. पूर्वी 'सुपर बिल्ट-अप' नावाचा जादूचा प्रयोग होता, ज्यात जिना, लिफ्ट आणि पहारेकऱ्याची खुर्चीसुद्धा तुमच्या घरात मोजली जायची. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याला चाप लावला, हे फार चांगलं झालं. नव्या प्रकल्पात आता चटई क्षेत्र सांगावं लागतं. पण त्या कायद्यातली चटई क्षेत्राची व्याख्या बघा. बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची त्यात धरायची नाही. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. फसवणूक थांबवायची तर उघडी जागा वेगळी काढावीच लागते. परंतु बाजाराने त्याचा अर्थ असा घेतला की जे चटईत नाही ते घरातच नाही. आणि कोरियांच्या घराचा जीवच नेमका तेवढ्या भागात! व्हरांडा वजा, अंगण वजा, गच्ची वजा. खाली उरतं ते चाळीस वर्षं जुनं बांधकाम. किंमत ठरवणारा बांधकामाची घसारा-वजाबाकी करतो आणि शेवटी हातात राहते फक्त जमीन. तिथून 'पाडून जी प्लस टू' फार लांब नाही.

दुसरी गोष्ट दलालीची. समजा एजंटला एक टक्का मिळतो. महिनाभर खटपट करून घराला दोन लाख रुपये जास्त आले, तर मालकाला दोन लाख आणि एजंटला दोन हजार. कोण कशाला खटपट करील? हे माझं तर्कट नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातल्या जवळजवळ एक लाख घरविक्र्या तपासल्या. २००८ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. चांगलं विकायचं कसं हे त्यांना येतं. दुसऱ्याच्या घरासाठी ते करायला परवडत नाही, इतकंच.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. विकणारा त्या घरात कधी बसलेलाच नसतो.

याच्या उलट उदाहरणं जगात आहेत. कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर नावाचे एक गृहस्थ होते. ते आर्किटेक्ट नव्हते. सासरच्या लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यात हिशेब बघायचे. १९४० च्या दशकात ते फ्रँक लॉईड राइट यांनी बांधलेल्या एका घरात भाड्याने राहिले आणि त्या घराने त्यांना असं पछाडलं की धंदा बदलून ते घरं बांधू लागले. चांगले आर्किटेक्ट हाताशी धरून त्यांनी १९६६ पर्यंत सुमारे ११ हजार आधुनिक घरं मध्यमवर्गीयांना विकली. त्यातल्या पुष्कळ घरांच्या मधोमध आकाशाकडे उघडा चौक होता. म्हणजे आपला वाड्याचाच चौक की! ते चौक खपले, कारण विकणाऱ्याला अशा घरात राहण्याचं सुख ठाऊक होतं. आणि लंडनमध्ये २००५ साली 'द मॉडर्न हाऊस' नावाची एक एजन्सी निघाली. काढणारे दोघंही आधी मासिकांतून डिझाईनवर लिहिणारे. त्यांच्या जाहिरातीत आर्किटेक्टचं नाव, घराचं साल, इतिहास, नकाशा आणि दिवसाउजेडी काढलेले सुंदर फोटो. इंग्लंडात असताना मी त्या जाहिराती गोष्टींसारख्या वाचायचो. विकत घ्यायची ऐपत शून्य, पण घर कसं बघावं हे कळायचं.

आणि कुवेत? इथे धडा उलट बाजूने मिळतो. पूर्वीच्या कुवेतमध्ये मातीच्या जाड भिंतींची आणि आत 'होश', म्हणजे अंगण असलेली घरं होती. १९५२ च्या ब्रिटिश नगररचनाकारांच्या आराखड्यानंतर जुनं शहर बहुतेक पाडलं गेलं आणि बाहेर बंगल्यांची उपनगरं उठली. पुढे शहराच्या मध्यात अस्-सवाबेर नावाची वसाहत झाली. रचनाकार आर्थर एरिक्सन, कॅनडातले मोठे नाव. तीसहून अधिक इमारती, पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे मजले, आत सावलीचे मार्ग. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लोक राहायला आले. पण कुवेती कुटुंबाचं स्वप्न तोवर स्वतंत्र बंगल्याचं झालं होतं, आणि त्याला सरकारी योजनेतून भूखंडही मिळत होता. सवाबेरमधल्या सावलीचं मोल त्याला पटलं नाही. निगा राखली गेली नाही, वसाहत खंगत गेली, सरकारने सदनिका परत घेतल्या आणि २०१९ साली सगळ्या इमारती पाडल्या. उरली ती शहराच्या मध्यातली जमीन. 'प्लॉटची किंमत मोजा' याचं याहून मोठं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

असो. मुद्द्यावर येऊ. मी मावशीला म्हटलं, आपण जाहिरात नव्याने लिहू. मावसबहीण शनिवार-रविवारी बेलापूरला गेली. तिला मी अगदी प्रयोगशाळेतल्या सूचना द्याव्यात तशा सूचना दिल्या. एकाच जागी उभं राहून अंगणाचे तीन फोटो: सकाळी सात, दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच. दिवे बंद, दारं-खिडक्या उघड्या. घरातून अंगणाकडे एक, अंगणातून घराकडे एक. पावसाचं पाणी छपरावरून कुठे पडतं ती जागा. आणि ओढ्याकडची वाट. मी इकडे काकांच्या जुन्या कागदांवरून नकाशा नीट काढला, उत्तर दिशा दाखवली, आणि उन्हाचं गणित मांडलं. बेलापूर १९ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पण बाकी दिवसांत छपराची सावली अंगणात कुठवर पोचते ते आखता येतं. (अम्गरा २९ अक्षांशावर आहे, इथे सूर्य कधीच ठीक डोक्यावर येत नाही, तरी भाजून काढायचं त्याला बरोबर जमतं.)

मजकूर मावशीने सांगितला आणि मी उतरवून घेतला. "चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं घर, १९८० च्या दशकातलं. ७५ चौरस मीटर भूखंड, चारही भिंती स्वतंत्र. सात घरांचं सामायिक अंगण. गाडी बाहेर लावून दीड मिनिट चालावं लागतं, वाटेत दोन आंबे आहेत. दुपारी पुढच्या खोलीत पंखा पुरतो. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, तिचं काम लागेल. वर एक खोली वाढवता येते." ओलीचं वाक्य गाळावं असं मावसबहिणीचं मत पडलं. मावशी म्हणाली, "राहू दे. जो घेईल त्याला पहिल्या पावसात कळणारच आहे." खानसाहेबांची चीर दाखवण्याची पद्धत मावशीला न शिकवता येत होती!

फरक काय पडला? खरं सांगायचं तर पैशांत फारसा नाही. जमिनीचा भाव हा जमिनीचा भाव, तो कवितेने वाढत नाही. पण पहिल्या जाहिरातीवर आलेले तिन्ही लोक जागा पावलांनी मोजून गेले होते. एकाने तर चपलाही काढल्या नाहीत. दुसऱ्या जाहिरातीवर नऊ फोन आले, चारजण बघून गेले, आणि त्यातलं एक जोडपं संध्याकाळी पाच वाजता आलं ते साडेसहाला उठलं. मावशीने दोनदा चहा केला. त्यांची बोली पाडणाऱ्याच्या बोलीपेक्षा ४० हजारांनी कमी होती.

मी जरा भीतभीतच विचारलं, "मग काय ठरवलंस?" मला आपलं वाटत होतं की मावशी भावनेच्या भरात हो म्हणेल, आणि तिच्या म्हातारपणाच्या पैशांत माझ्या हौसेपायी भोक पडेल.

मावशी म्हणाली, "अरे, मी घर विकतेय, कन्यादान करत नाहीये. त्यांना सांगितलं, चाळीस हजार भरून काढा, घर तुमचं." त्यांनी दुसऱ्या दिवशी भरून काढले. शिवाय पाडणारा सहा महिन्यांची मुदत मागत होता, हे दोन महिन्यांत कागद करायला तयार. मावशीचं पुण्याचं घर त्यामुळे वेळेत होईल. म्हणजे चांगल्या जाहिरातीने किंमत वाढली नाही. ज्याला ते घर हवं होतं त्याच्यापर्यंत ती पोचली, आणि त्याला थांबायचं नव्हतं.

नव्या मालकांनी मला नकाशाची मूळ फाईल मागितली आहे. त्यांना वर एक खोली बांधायची आहे आणि खालच्या अंगणातली संध्याकाळची सावली तशीच राहायला हवी, तर भिंत किती उंच घ्यावी असं विचारत होते. हे गणित मी आनंदाने करून देणार आहे.

तुमच्या ओळखीत कोणी असं एखादं विचाराने बांधलेलं घर विकत असेल, मग ते कोरियांचं असो की तालुक्याच्या गावी एखाद्या हुशार आर्किटेक्टने मन लावून बांधलेलं असो, तर एवढं करा. एजंट येण्याआधी बांधणाऱ्याचं नाव शोधून काढा. नकाशा काढून ठेवा. आणि घरात सगळ्यात जास्त वेळ तुम्ही जिथे बसता, तिथे बसूनच पहिला फोटो काढा. बहुतेक वेळा ती जागा चटई क्षेत्रात मोजलेली नसते.